गोळ्या वाटल्या, गिळल्या किती?

उंची १५८ सेंटिमीटरच्या वर असेल, तर हत्तीरोगाच्या तीन औषधांच्या फेरीत मोठ्या माणसाला आठ गोळ्या घ्याव्या लागतात. आयव्हरमेक्टिनच्या चार, डीईसीच्या तीन आणि अल्बेंडाझोलची एक, तीही चावून. आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे आणि डीईसी वयाप्रमाणे द्यायची असते, म्हणून आशाताईच्या हातात गोळ्यांच्या पिशवीबरोबर उंचीची पट्टीही असते. नियम दोनच आहेत: उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, आणि समोर गिळल्याशिवाय पुढच्या घरी जायचं नाही.

आता ही ताई ऑगस्टमध्ये सकाळी आठला आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनी-लाखांदूरकडच्या एखाद्या घरी पोचते तेव्हा काय होतं ते पाहा. रोवणी लांबलेली असते. घरची बाई डोक्याला फडकं बांधून बांधीवर निघालेली असते. जेवण व्हायचं असतं. ती म्हणते, "ठेवून द्या ना जी ताई, रात्री जेवलो का घेतो." ताईपुढे अजून पुष्कळ घरं पडलेली. ती गोळ्या ठेवते, रजिस्टरवर खूण करते, बोटाला शाई लावते. शाई ही गोळी गिळल्याची निशाणी, पण ती लावण्यासाठी गोळी गिळावीच लागते असं नाही. गोळ्या देवळीत जातात. संध्याकाळी गावाचा आकडा तालुक्याला जातो, तालुक्याचा जिल्ह्याला, आणि कुठल्याशा बैठकीत पडद्यावर ९५ टक्के उमटतात.

यात मला ना त्या बाईचा दोष दिसतो ना ताईचा. दोघींनीही आपापल्या जागी शहाणपणाचंच केलं. माझं भांडण त्या ९५ टक्क्यांशी आहे.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. नोकरीचा मोठा भाग रात्रीच्या रक्तनमुन्यांत गेला. हत्तीरोगाचे बारीक जंत, मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री अंगभर फिरायला निघतात. कारण त्यांना पुढं नेणारा क्यूलेक्स डासही रात्रीच चावतो. म्हणून आम्ही रात्री साडेआठनंतर कंदील-टॉर्च घेऊन दारोदार, झोपलेल्याला उठवून बोट टोचणार. काचेवर जाड लेप घ्यायचा, सुकवायचा, पाण्यात धुऊन तांबडा रंग काढायचा, जेएसबीनं रंगवायचा, की भिंगाखाली जंत दिसतो. अंगावर खोळ, आणि शेपटीच्या टोकाशी केंद्रकं नाहीत, म्हणजे बँक्रॉफ्टी. आपल्याकडे हाच. भिंगाखाली जंत असतो किंवा नसतो, तिथे टक्केवारी फुगवायला जागा नसते. त्या सवयीमुळे असेल, पण आरोग्य खात्यातल्या आकड्यांकडे मी जरा तिरकंच पाहतो.

भंडारा हा हत्तीरोगाचा जुना जिल्हा. तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या, आणि गावागावांत उघडी गटारं. क्यूलेक्सला घाण पाणी आवडतं, आणि त्याची आपल्याकडे कधी ददात नव्हती. सुजलेला पाय आणि अंडवृद्धी घेऊन आयुष्य काढणारी माणसं पाहतच माझी पिढी मोठी झाली. या आजारानं माणूस लवकर मरत नाही, म्हणून तो बातमीत येत नाही. पण पाय सुजला की रोवणीच्या चिखलात उभं राहता येत नाही, ताप भरून आला की आठवडा जातो, आणि अंडवृद्धी झालेल्या पोराचं लग्न जमत नाही.

गेल्या काही वर्षांत या आजारावर खरोखर चांगलं संशोधन झालंय, आणि ते आपल्या दारापर्यंत आलंही आहे. तेच कसं आलं, आणि येताना वाटेत काय गळून पडलं, हे सांगायला हा लेख आहे.

पूर्वी वर्षातून एकदा दोन औषधं देत: डीईसी आणि अल्बेंडाझोल. त्यात आयव्हरमेक्टिन मिळवलं तर काय होतं, हे पापुआ न्यू गिनीत तपासलं गेलं. २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला. रक्तात जंत असलेली १८२ माणसं घेतली होती. तीन औषधांचा एकच डोस घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांचं रक्त वर्षानंतरही स्वच्छ होतं. दोन औषधांचा एक डोस घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के. फरक प्रचंड आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गट होता, ज्याचं नाव आपल्याकडच्या प्रशिक्षणात सहसा निघत नाही. त्यांना जुनीच दोन औषधं दर वर्षी, तीन वर्षं दिली. तीन वर्षांनंतर त्यांचं रक्तही जवळपास तितकंच स्वच्छ निघालं. म्हणजे जुनी औषधं टाकाऊ नव्हती. ती दर वर्षी नेमानं पोटात जायला हवी होती, एवढंच.

या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे: त्या १८२ माणसांना गोळ्या वाटल्या नव्हत्या, गिळायला लावल्या होत्या. ९६ टक्के हा पोटात गेलेल्या गोळीचा गुण आहे. देवळीत ठेवलेल्या गोळीचा गुण शून्य, मग औषधं दोन असोत की तीन.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली तीन औषधांची शिफारस केली. सुरक्षितता पाहण्यासाठी फिजी, हैती, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी आणि भारत अशा पाच देशांत मिळून २६,८३६ लोकांवर अभ्यास झाला. भारतातलं ठिकाण कर्नाटकातलं यादगीर. त्यात दिसलं की चक्कर, ताप, अंगदुखी असे त्रास बहुतेक सौम्य आणि एक-दोन दिवसांत जाणारे असतात, आणि ज्यांच्या रक्तात जंत आहेत त्यांना ते जास्त होतात, कारण मरणारा जंत अंगाला त्रास देतो. पुढं देशात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ही तीन औषधं आणली त्यात आपल्या शेजारचं नागपूर होतं. २०२३ पासून फेब्रुवारी आणि ऑगस्ट अशा दोन ठरलेल्या तारखांना फेऱ्या होऊ लागल्या आणि २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं केंद्रानं जाहीर केलं.

इथवर सगळं ठीक. संशोधन झालं, शिफारस झाली, पत्र निघालं, गोळ्या आल्या. पण पत्र खाली येताना त्यातलं 'का' वर राहून जातं. तालुक्याला येतं ते एवढंच: अमुक तारीख, अमुक उद्दिष्ट, अमुक नमुन्यात अहवाल. 'समोर गिळवा' हे वाक्य त्यात असतं, पण ते 'बॅनर लावा' आणि 'फोटो पाठवा' या वाक्यांच्या रांगेत उभं असतं. ज्या अधिकाऱ्याला ही तिन्ही वाक्यं एकाच वजनाची वाटतात, तो सोपं ते आधी करणार. फोटो पाठवणं फार सोपं.

चक्कर येण्याचंच घ्या. गोळी खाल्ली आणि शेजारच्या पोराला गरगरलं, ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरते, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दार लावून घेतं. आशाताईला जर आधी कुणी नीट समजावलं असेल की ज्याच्या अंगात जंत आहे त्यालाच जास्त गरगरतं, तर ती त्याच पोराच्या ओट्यावर बसून सांगेल, "भाऊ, तुझ्या रक्तात किडे होते, ते मरून राहिले." ही बातमीही पसरते. मी हे होताना पाहिलेलं आहे. पण त्यासाठी ताईला 'घाबरू नका' हे दोन शब्द पुरत नाहीत. अभ्यासात काय दिसलं ते तिला तिच्या भाषेत माहीत असावं लागतं.

म्हणून, निर्णय घेणाऱ्यांना संशोधन वापरायला मदत करायची म्हणजे त्यांच्या टेबलावर इंग्रजी पानांचा गठ्ठा ठेवायचा, असं मला वाटत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे सकाळी जिल्हा परिषदेची सभा, दुपारी व्हिडिओ कॉन्फरन्स (व्हीसी), संध्याकाळी कुठल्याशा केंद्रात डॉक्टर नाही म्हणून फोन. त्याला दीड पान हवं. मराठीत. काय माहीत आहे, किती खात्रीनं, ते आपल्या जिल्ह्याला लागू पडतं का, आणि त्यातली कुठली एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं वाया जाईल. हत्तीरोगाच्या बाबतीत ती एक गोष्ट गिळणं ही आहे. हे दीड पान लिहिणारं माणूस जिल्ह्यात कुठल्याही पदावर नाही. दिल्लीत आहे: आरोग्य संशोधन विभागानं २०१७ पासून तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली, कुठलं यंत्र, कुठली चाचणी पैशाला परवडते हे ती तपासते, काम चांगलं आहे. पुण्यातही राज्याचं संसाधन केंद्र आहे. पण पवनीच्या गोळीचा प्रश्न दिल्लीला दिसत नाही, आणि दिसायची अपेक्षाही नाही.

जाता जाता, शेजारच्या गडचिरोलीची आठवण काढायला हवी, कारण संशोधन वरून खाली येतं असं आपण धरून चालतो आणि गडचिरोलीनं ते खालून वर पाठवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या नवजात बाळाचं वजन, ऊब, श्वास, जंतुसंसर्ग पाहू लागल्या. तुलनेसाठी ४७ गावं होती. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. मग 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रात सात ठिकाणी तेच पुन्हा करून पाहिलं. देशाचा कार्यक्रम म्हणून ते आलं २०११ ला, आणि आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातात ते त्यामुळे.

बारा वर्षं लागली याचं मला फार वाईट वाटत नाही. सात ठिकाणी पुन्हा तपासून पाहणं मला आवडतं. वाईट वाटतं ते वेगळ्याचं. गडचिरोलीच्या प्रयोगात आरोग्यदूत बाई जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायची. देशाच्या कार्यक्रमात आशा इंजेक्शन देत नाही. त्याला कारणं असतील, काही पटण्यासारखीही आहेत. पण मग ६२ टक्क्यांचा आकडा आपण कार्यक्रमाच्या नावापुढे लावतो तेव्हा तो कुणाचा असतो? इंजेक्शनसकट जे तपासलं त्याचा. वाटेत काही कमी केलं तर परिणाम पुन्हा मोजावा लागतो, एवढी साधी शिस्त आहे.

आणि 'सर्च'चा भर कशावर? मोजण्यावर. २००१ सालचा 'कोवळी पानगळ' अहवाल आठवतो का कुणाला? सरकारी नोंदीत दिसतात त्याहून किती तरी जास्त बालमृत्यू होतात, हे त्यात गावं मोजून दाखवलं होतं. विधिमंडळात गदारोळ झाला, पुढं बंग यांच्याच अध्यक्षतेखाली शासनाला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्या वेळी खात्यातले बरेच जण चिडले होते. साहजिक आहे, कमी मृत्यू लिहिणाऱ्याला कुणी कधी रागावलं नव्हतं, जास्त लिहिणाऱ्याला मात्र कारणे दाखवा नोटीस. हे अजून बदललेलं नाही. हत्तीरोगाच्या फेरीत एखाद्या केंद्रानं प्रामाणिकपणे ६८ टक्के लिहिले, तर पुढच्या व्हीसीत उभं राहून उत्तर त्यालाच द्यावं लागतं, आणि शेजारचं ९७ टक्केवालं केंद्र खुर्चीत बसून चहा पितं. जोवर हे असं आहे तोवर जगातलं उत्तम संशोधन आणून दिलं तरी त्याचा उपयोग नाही, कारण ते वापरायला आपला स्वतःचा आकडा खरा लागतो.

पुन्हा टक्केवारीच्या आतही एक गंमत आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांच्या पोटात औषध गेलं पाहिजे. आपण टक्केवारी काढतो ती पात्र लोकसंख्येची: लहान मुलं, गरोदर बाया, फार आजारी माणसं वगळून. खाली छेद लहान घेतला की टक्का आपोआप मोठा दिसतो. वरचा अंश वाटलेल्याचा, खालचा छेद पात्रतेचा. दोन्हीकडून थोडं थोडं फुगलं की ६५ च्या जवळपास असलेलं गाव ९५ ला जाऊन बसतं. यात कुणी खोटं बोललेलं नसतं, हे विशेष.

त्याहून महत्त्वाचं, आणि याकडे जवळपास कुणाचंच लक्ष नसतं: चुकलेले लोक कोण? या वेळी मी चुकलो, पुढच्या वेळी तुम्ही, असं असेल तर फारसं बिघडत नाही. पण दर फेरीला तीच माणसं चुकत असतील, तर तेवढी थोडी माणसंही जंत जिवंत ठेवायला पुरतात. प्रौढ जंत अंगात वर्षानुवर्षं जगतो, रोज हजारो पिल्लं रक्तात सोडतो, आणि डासाला एक माणूसही चालतो. मी रात्री फिरायचो तेव्हा मला ही माणसं भेटायची. हैदराबाद-नागपूरला कामाला जाऊन सणालाच घरी येणारा पोरगा. दारूच्या दिवशी गोळी नको म्हणणारा, आणि रोजच दारूचा दिवस असणारा. आणि गावातला शिकलेला, गुरुजी किंवा बँकेतला, ज्याला वाटतं हा रोग गरिबांचा, मला कशाला. या शेवटच्याला ताई आग्रह करत नाही, कारण तो ताईपेक्षा मोठा. रजिस्टरमध्ये 'मागच्या फेरीत घेतली होती का' एवढा एक रकाना असता, तर ही माणसं दोन फेऱ्यांत नावानिशी दिसली असती.

आता जिथे पैसा खर्च होतो तिकडे वळू. डास वाढले की ग्रामपंचायतीत पहिली मागणी काय येते? धूर. फॉगिंग. सरपंच, सदस्य, पालकमंत्र्यांचे कार्यकर्ते, सगळ्यांना धुराचं यंत्र हवं असतं, कारण धूर दिसतो. मत देणाऱ्यालाही दिसतो. पण फवारणीचा धूर उडणाऱ्या डासांना मारतो, गटारातल्या अळीला हातही लावत नाही. दोन-चार दिवसांत नवे डास पंख पसरून तयार. डेंग्यूची साथ भडकली असताना त्याचं थोडंफार समर्थन करता येतं, तिथेही आढावे घेणाऱ्यांना भक्कम पुरावा सापडलेला नाही. रात्री घरात शिरून चावणाऱ्या क्यूलेक्ससाठी संध्याकाळी रस्त्यावरून धूर सोडत जाणं म्हणजे पैशाची होळी.

याउलट एक गोष्ट सांगतो. झांझिबार बेटावरच्या मकुंदुची गावात १९८० च्या दशकाच्या शेवटी लोकांना डीईसी दिलं आणि जोडीला शौचखड्ड्यांच्या पाण्यावर थर्माकोलच्या बारीक मण्यांचा थर पसरला. अळ्यांना वर येऊन श्वास घेता येईना, मादीला अंडी घालता येईना. औषध थांबल्यावरही डास पुढं कैक वर्षं कमीच राहिले आणि रोग परत उसळला नाही. आपल्याकडे हागणदारीमुक्तीत घरोघर शौचालयं झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांच्या सेप्टिक टाकीच्या पाइपला जाळी नसेल तर ती क्यूलेक्सची वाडीच. पाइपाच्या तोंडाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा सुतळीनं बांधायचा. खर्च काही रुपयांचा. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला जे दहा हजार रुपये मिळतात, त्यात अख्ख्या गावाच्या जाळ्या होतात आणि पैसे उरतात. खात्याच्या पत्रकांत जाळीचा उल्लेख वर्षानुवर्षं आहे. पण तिचं उद्घाटन करता येत नाही.

मी ग्रामपंचायतीत हे बोललो तेव्हा एका तरुण सदस्यानं विचारलं, "काका, झांझिबार कुठं नि आपण कुठं? इथं चालेल कशावरून?" मला त्याचा राग आला नाही. इतका योग्य प्रश्न मी मोठ्या अधिकाऱ्यांच्या तोंडूनही क्वचित ऐकला. संशोधन दुसरीकडचं असतं तेव्हा हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि उत्तर बऱ्याचदा जवळ सापडतं. सिकलसेलचं उदाहरण घ्या. आपल्या पट्ट्यात तो घराघरात आहे. २०२३ च्या १ जुलैला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची मात्रा पाश्चात्त्य देशांत सोसेल तितकी वाढवत नेतात आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावं लागतं. आपल्या लाखांदूरच्या पोराला दर महिन्याला रक्त तपासायला कोण नेणार? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी कमी आणि ठरावीक मात्रा देऊन इथल्याच मुलांवर अभ्यास केला, २०१२ साली तो छापून आला, आणि कमी मात्रेतही त्रास बराच घटतो असं दिसलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला हा अभ्यास माहीत असणं, हे माझ्या मते अमेरिकेतले दहा अभ्यास माहीत असण्यापेक्षा कामाचं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच नाही की संशोधन वाचा. जिल्ह्यानं स्वतःचा प्रश्न स्वतः तपासावा. ताईनं सकाळी जावं की संध्याकाळी, दिवाबत्तीनंतर, जेवणं होता होता? किंवा दुपारी बांधीवर, शिदोरी सोडली की तिथंच? हे ठरवायला जागतिक आरोग्य संघटना लागत नाही. एका तालुक्यातली चाळीस गावं घ्यायची, चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या गावांत नेहमीसारखं सकाळी, निम्म्यांत संध्याकाळी. पंधरा दिवसांनी तिसऱ्याच माणसांनी घरं निवडून दोन प्रश्न विचारायचे. गोळी मिळाली का? गिळली का? चिठ्ठ्या टाकायच्या यासाठी की 'चांगली गावं' संध्याकाळच्या वाट्याला जाऊ नयेत. यात ताईला संध्याकाळी काम करावं लागणार, तर तिला त्याचा मोबदला वेगळा द्या. फुकट प्रयोग करायचा असेल तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन.

आणि ती तिसरी माणसं आता जिल्ह्यातच आली आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन केलं, त्यात भंडारा आहे. त्या कॉलेजकडे आपला जिल्हा खाटा आणि ऑपरेशन थिएटरच्या नजरेनं पाहतो, ते बरोबरच आहे. नागपूरची वारी वाचेल. पण प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्राचा (पीएसएम) विभाग असतो. त्यांच्या विद्यार्थ्यांना गावात सर्वेक्षण करावंच लागतं, प्राध्यापकांना शोधनिबंध लिहावेच लागतात. ते निबंध कुठल्या तरी विषयावर लिहिण्याऐवजी जिल्हा परिषदेनं विचारलेल्या प्रश्नावर लिहावेत. दीड पानी टिपण त्याच विभागानं करावं. वर्षाला चार प्रश्न, जास्त नकोत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीनं कन्हानला आणि कन्हानमार्गे वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात येतं. काठच्या गावांत डास आणि रक्तातले जंत यांचं काय होतंय, हा त्यातला एक असू शकतो. पवनीची माणसं हा प्रश्न कधीपासून विचारत आहेत, फक्त ती तो निबंधाच्या भाषेत विचारत नाहीत.

लोक म्हणतील, प्राध्यापकांच्या जागा भरायच्या आहेत, इमारतीचं चाललंय, तुमचं काय मध्येच. असू दे. चाळीस गावांचं सर्वेक्षण करायला इमारत लागत नाही. लागतं ते जिल्हाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या सहीचं एक पत्र, की या तालुक्याचा आकडा कमी आला तर कुणाला नोटीस जाणार नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा वार्षिक आराखडा (पीआयपी) बनतो तेव्हा मागचीच शीट उघडून आकडे बदलण्याची रीत आहे. त्यात सर्वेक्षणासाठी एक ओळ घातली तर कुणी अडवत नाही, आणि अडवलंच तर जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून होण्याइतकाच हा खर्च आहे.

फेब्रुवारीच्या फेरीआधी हे बसवता येईल. रजिस्टरं छापायला जाण्याआधी त्यात दोन रकाने वाढवायचे: 'समोर गिळली' आणि 'मागच्या फेरीत घेतली होती'. पहिल्यात खूण नसेल तर बोटाला शाई नाही. आणि पहिल्या आढाव्यात ज्या केंद्राचा आकडा सगळ्यात कमी असेल, त्याच्या डॉक्टरला आधी बोलू द्यायचं, आणि तो बोलत असताना पडद्यावर शेजारच्या केंद्राचे ९७ टक्के ठेवायचे नाहीत.